बारा वर्षांचा, किडनीचा पेशंट असलेला बोका: घर मिळेल का?

मृणाल_के | ३ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. पुण्याबाहेरच्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये मी शनिवार-रविवार कामाला जाते. (कामाला म्हणजे बिनपगारी. आईच्या भाषेत लष्कराच्या भाकऱ्या.)

तिथे एक बोका आहे. राखाडी, छातीवर उपरण्यासारखा पांढरा पट्टा, म्हणून आम्ही त्याला पंत म्हणतो. गेल्या ऑक्टोबरात भाजीच्या क्रेटमधून आला, अंगाखाली एक जुना टॉवेल. ज्या आजींकडे होता त्या गेल्या, फ्लॅट विकायला निघाला आणि मुलगा त्याला आमच्याकडे सोडून गेला. वय १२ च्या आसपास. दात चारच उरलेत, बाकीचे काढावे लागले. आणि किडनीचा आजार आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम किती मंदावलंय ते सांगणारा रक्तातला आकडा) ३.२. एक दिवसाआड कातडीखाली १०० मिली सलाईन, किडनीचं ओलं खाणं, बास. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. बाकीची मांजरं भांडायला लागली की पंत कपाटावर जाऊन बसतात.

आठ महिन्यांत शेल्टरमधून कितीतरी पिल्लं गेली. पंतांच्या जाहिरातीला २०० च्या वर लाइक्स आणि एक फोन. फोनवर पहिलाच प्रश्न, "पर्शियन आहे का?"

तर प्रश्न असा. आजाराचं जाहिरातीतच लिहावं, की लोकांनी येऊन त्याला बघितल्यावर सांगावं? आमच्यात दोन तट पडलेत. मी लिहिलं होतं, "या बिचाऱ्या जिवाला शेवटचे दिवस तरी प्रेमाचे द्या." ते चुकलं का?

बोकोबा | ३ जून, रात्री ११:०५

फोटोशिवाय मांजराचा धागा म्हणजे कांद्याशिवाय मिसळ. फोटो टाका आधी.

मृणाल_के | ३ जून, रात्री ११:२०

टाकला. कपाटावरचाच आहे, खाली उतरायला तयार नव्हते.

बोकोबा | ३ जून, रात्री ११:२४

हे पंत नाहीत, हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून आहेत. "उद्या या" असं म्हणतायत तोंडाने.

देवगडकर | ४ जून, सकाळी ७:१०

आमच्या घरी कायम पाच-सहा मांजरं. माशाची डोकी, ताकभात, पावसात सुकट. कुणाचं क्रिएटिनिन कुणी बघितलं नाही. म्हातारं झालं की एक दिवस उठून जायचं कुठेतरी, परत यायचं नाही. आजी म्हणायची, मांजर आपलं मरण दाखवत नाही. शहरात सगळ्याचंच हॉस्पिटल करून ठेवलंय. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

तर्कटराव | ४ जून, सकाळी ९:३५

कुणीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलतो. या एका बोक्यावर महिन्याला दोन-तीन हजार जात असतील. त्या पैशात रस्त्यावरच्या किती मांजरींची नसबंदी होईल? आणि मांजराला माणसापेक्षा जागेचा लळा असतो असं म्हणतात. आठ महिने शेल्टरमध्ये रुळलाय, तर त्याला पुन्हा उपटून तिसऱ्या जागी लावायचं कशाला? तुमच्या कळवळ्याबद्दल शंका नाही, हिशोबाबद्दल आहे.

अश्विनी_डी | ४ जून, दुपारी १२:१५

तर्कटराव, शेल्टरमध्ये "रुळलाय" असं तुम्ही लांबून म्हणताय. तीस मांजरांच्या खोलीत जो बोका दिवसभर कपाटावर असतो तो रुळलेला नसतो, लपलेला असतो. त्याला पाणी प्यायलाही दहा जणांच्या समोरून खाली यावं लागतं. किडनीच्या मांजराने पाणी टाळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मृणाल, आता तुझ्या जाहिरातीबद्दल. हो, चुकलं. आजार सांगितलास ते बरोबर, पण "शेवटचे दिवस" आणि "बिचारा" काढून टाक. ते वाचून लोक हळहळतात, बदाम टाकतात आणि पुढे सरकतात. मरणाला घरी कोण बोलावणार? आमच्या चिमीला वयाच्या अकराव्या वर्षी हाच आजार निघाला. त्यानंतर ती साडेतीन वर्षं जगली, आणि त्यातली तीन वर्षं मजेत. माझ्या सासूबाईंच्या मांडीवरून हलायची नाही.

लोक घाबरतात ते सलाईनला. सलाईन म्हटलं की डोळ्यापुढे हॉस्पिटलची खाट येते. प्रत्यक्षात काय असतं ते लिही. आमच्याकडे असं चालायचं: मेडिकलमधून आरएलची (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार) ५०० मिलीची बाटली आणि सेट आणायचा. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवायची, कारण गार पाणी कातडीखाली गेलं की मांजर शहारतं. बाटली पडद्याच्या दांडीला एस आकड्याने अडकवायची. मांजर मांडीवर. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की तंबू होतो, त्या तंबूत सुई. शीर शोधायची नसते. पाच-सात मिनिटांत १०० मिली जातं. पाठीवर उंटासारखा फुगा येतो, तो घसरत पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्यांदा तो फुगा बघून मी रडत डॉक्टरांना फोन केला होता.

सुई दर वेळी नवी. बोथट सुईने मांजर चिडतं आणि दोष सलाईनला येतो. पहिले दोन आठवडे माझे हात कापायचे. नंतर एका हाताने चहा पीत करायचे.

खर्चही लपवू नकोस. आमचा खाणं, सलाईन, तीन-चार महिन्यांनी रक्त तपासणी असं धरून महिन्याला सरासरी साडेतीन हजार जायचा. आकडा लिहिलेला असला की ज्याला झेपतो तोच फोन करतो.

बोकोबा | ४ जून, दुपारी १२:४०

अश्विनीताई, "मेहनत: एक दिवसाआड सात मिनिटं. त्यातली चार चहाची." हीच जाहिरात टाका.

गोठ्यातला_डॉक्टर | ४ जून, रात्री ९:००

मी मूळचा गाई-म्हशींचा माणूस, सातारा जिल्ह्यात. पण हल्ली गावातही मांजरं घेऊन येतात. थोडं लिहितो.

मांजर मुळात वाळवंटी जनावर. आफ्रिकी रानमांजर हा त्याचा पूर्वज, त्यामुळे तहान कमी आणि लघवी घट्ट. दोन-तृतीयांशाच्या आसपास मूत्रपिंड निकामी होईपर्यंत वरून काही कळत नाही. देवगडकर, तुमच्या आजी म्हणायच्या ते एका अर्थी खरं आहे. म्हातारं मांजर जास्त पाणी पितं, बारीक होतं, मग आडोशाला जाऊन बसतं. ते उठून जायचं ते कितीतरी वेळा याच आजाराने. बघितलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही.

क्रिएटिनिन २.९ ते ५ ही तिसरी पायरी, एकंदर चार. म्हणजे पंत तिसरीच्या सुरुवातीला आहेत. रक्तदाब मोजलाय का? या मांजरांचा वाढतो आणि कधीकधी एका रात्रीत दिसायचं बंद होतं. त्यावर गोळी आहे, माणसांचीच अम्लोडिपिन, पण डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

घरातल्या औषधांचं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. अंग तापलंय म्हणून मांजराला क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्याचं गोचिडाचं औषधही मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर झटके येतात.

आणि सुकट बंद. मीठ आणि फॉस्फरस, दोन्ही नको.

देवगडकर | ४ जून, रात्री ९:२२

सुकट बंद? मग जगायचं कशाला त्याने?

गोठ्यातला_डॉक्टर | ४ जून, रात्री ९:३०

अगदीच खाणं टाकलं तर चिमूटभर चुरून वर भुरभुरा. न खाण्यापेक्षा ते परवडलं. पण हे मी बोललो नाही.

म्युनिकची_मेधा | ५ जून, पहाटे २:१५

इकडच्या टियरहाइममध्ये, म्हणजे शेल्टरमध्ये, मी दोन वर्षं मांजरांच्या खोल्या साफ करायला जायचे. (जर्मन बोलायचा सराव होईल म्हणून गेले. मांजरं फार बोलत नाहीत हे उशिरा लक्षात आलं.) म्हाताऱ्या, आजारी मांजरांसाठी इथे एक सोय बऱ्याच ठिकाणी असते: कायमचं फोस्टर. मांजर तुमच्या घरी राहतं, शेवटपर्यंत. पण कागदोपत्री ते शेल्टरचंच, आणि डॉक्टरचा खर्च शेल्टर उचलतं. तुम्ही आजारी पडलात, देश सोडलात, तर ते परत घेतात. ज्यांना मांजर हवंय पण मोठ्या बिलाची धास्ती आहे अशी माणसं यामुळे पुढे येतात. पेन्शनर जास्त.

निवृत्तबाई | ५ जून, सकाळी ६:४०

मेधाचं वाचून लिहायचं धाडस करते, एरवी मी या विभागात फक्त वाचते. मी ७१ वर्षांची, शाळेतून निवृत्त. हे ७६. कोथरूडला तळमजल्यावर राहतो. आमची मनी दोन वर्षांपूर्वी गेली, सतरा वर्षांची होऊन. त्यानंतर मी तीन ठिकाणी मांजरासाठी फॉर्म भरले. तिन्हीकडून गोड आवाजात नकार आला. एकीने तर विचारलं, "काकू, मांजर वीस वर्षं जगलं तर?" मी म्हटलं, मग मला म्हातारंच द्या. तर म्हणाली, म्हाताऱ्याला फार बघावं लागतं, तुम्हाला झेपणार नाही.

पिल्लू जास्त जगेल म्हणून नको आणि म्हातारं झेपणार नाही म्हणून नको. मग आम्ही काय पाळायचं, कोळी?

यांना अकरा वर्षं इन्शुलिन मी टोचते. सुईचं मला काही वाटत नाही.

बोकोबा | ५ जून, सकाळी ८:०२

कोळी. मेलो हसून. काकू, तुम्ही रोज लिहीत जा.

तर्कटराव | ५ जून, सकाळी ८:३०

निवृत्तबाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण शेल्टरवाल्यांचंही खरं आहे. हा बोका आजी गेल्या म्हणूनच तिथे आला ना? तीच गोष्ट दुसऱ्यांदा झाली तर?

मृणाल_के | ५ जून, सकाळी १०:१८

काकू, खरं सांगते, आमचाही नियम आहे. ६५ च्या वर देत नाही. पंतांसारखी प्रकरणं बघून बघूनच तो झालाय.

निवृत्तबाई | ५ जून, सकाळी १०:५०

म्हणजे मांजर टाकलं मुलाने आणि नियम केलात आमच्यासाठी. त्या आजींनी तर त्याला बारा वर्षं सांभाळलं होतं, मृणाल. त्यांच्या हातून काय चुकलं? एवढंच की त्या मेल्या.

अश्विनी_डी | ५ जून, सकाळी ११:०५

यावर मला काही सुचत नाहीये. काकू, +१००.

सदस्य_४४०२ | ५ जून, दुपारी १:३०

जरा विषयांतर. जनावराला उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड किती, माहीत आहे? १० ते ५० रुपये. पार्किंगची पावती याहून महाग. अर्थात शेल्टरला आणून सोडणाऱ्याला हे कलम लागायचं नाही. त्याने निदान तेवढं तरी केलं.

दुसरं, तळमजल्यावरच्या काकूंना सोसायटीने त्रास दिला तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही.

पल्लवी_ठाणे | ५ जून, दुपारी २:१०

मांजराचा विषय आहे म्हणून विचारते. मला तिसरा महिना चालू आहे आणि सासूबाई म्हणतात मांजर बाहेर काढा, बाळाला धोका. खरं आहे का?

गोठ्यातला_डॉक्टर | ५ जून, दुपारी ३:४५

पल्लवीताई, अभिनंदन. मांजर काढायची गरज नाही. त्याची मातीची पेटी नवऱ्याला साफ करू द्या, रोजच्या रोज. धोका असतो तो टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूचा. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर किमान एक दिवस गेल्याशिवाय लागण करू शकत नाहीत, म्हणून "रोज" महत्त्वाचं. मांजराला कच्चं मटण देऊ नका आणि तुम्हीही अर्धंकच्चं खाऊ नका. भाजी नीट धुऊन घ्या. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी म्हशींचा.

पल्लवी_ठाणे | ५ जून, दुपारी ४:००

धन्यवाद!! "नवऱ्याला साफ करू द्या" हे वाक्य दोघांनाही वाचून दाखवलं.

परळकर | ५ जून, रात्री ८:२०

लहानपणी आमच्या चाळीतलं कुठलंही जनावर आजारी पडलं की परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात. पाटी वेगळीच आहे, पण सगळे बैलघोडाच म्हणायचे. वडील गिरणीतून सुटले की पिशवीत मांजर घालून न्यायचे. तेव्हाही चाळीतले काही विचारायचेच, माणसाला औषध नाही आणि मांजराला कसलं? तर्कटराव तेव्हाही होते.

तर्कटराव | ५ जून, रात्री ८:४१

मान्य. आणि तेव्हाही प्रश्न बरोबरच होता. :) पण एक सांगतो, मृणालताई. त्या कायमच्या फोस्टरमध्ये औषधाचा खर्च शेल्टरकडे राहणार असेल तर सहा महिन्यांचं सलाईन माझ्याकडून. माझ्या विपूत (विचारपुशीत) खाते क्रमांक टाका. याचा अर्थ माझं मत बदललं असा नाही.

बोकोबा | ५ जून, रात्री ८:४४

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मृणाल_के | ९ जून, रात्री ११:३०

चार दिवस गायब होते, माफ करा. धागा जसाच्या तसा शेल्टरच्या ग्रुपवर टाकला. भांडणं झाली. ६५ चा नियम गेला नाही. पण त्याला एक शेंडी लावली: साठीच्या खालचं कुणीतरी "यांना काही झालं तर मी बघेन किंवा परत आणून देईन" असं लिहून देणार असेल तर चालेल. काकूंची भाची त्यांच्याच सोसायटीत राहते, तिने सही केली. कागदावर पंत आमचेच, तपासण्या आमच्याकडे. आधी पंधरा दिवस ठेवून बघायचं.

शनिवारी मी स्वतः पोचवून आले. काकांनी दारातच सांगितलं, "माझी एकच अट. शब्दकोड्यावर बसायचं नाही."

अश्विनी_डी | १० जून, सकाळी ७:५०

वा! मृणाल, तो क्रेटमधला टॉवेल दिलास ना सोबत? धुऊ नका म्हणावं. आणि पहिले दिवस अख्खं घर मोकळं नको, एकच खोली. पाण्याची वाटी खाण्यापासून लांब आणि पसरट, मिशा टेकल्या की त्यांना आवडत नाही.

निवृत्तबाई | १० जून, रात्री ९:१५

टॉवेल दिलाय, जुन्या साबणाचा वास येतो त्याला. शनिवारी दुपारी आल्यापासून ते वॉशिंग मशीनच्या मागे आहेत. कालपासून काही खाल्लेलं नाही. पाणी रात्री प्यायलेत बहुतेक, वाटी कमी झाली. हे म्हणतात, "परत देऊन टाक, त्याला आपण आवडलो नाही." मी काही देत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | १० जून, रात्री ९:४०

बाई, एक गोष्ट काटेकोर पाळा. मांजर दोन दिवसांवर उपाशी राहता कामा नये, यकृतात चरबी साठते. उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर त्यांच्या डॉक्टरकडे न्या, थांबू नका. आज रात्री खाणं अंगाच्या उबेइतकं कोमट करून मशीनजवळ ठेवा आणि दिवा मालवून निघून जा. कुणी बघत बसायचं नाही.

देवगडकर | १० जून, रात्री ९:५५

मी काही बोलत नाही. पण चिमूटभर.

निवृत्तबाई | ११ जून, सकाळी ५:३०

रात्री अडीचला ताटली सरकल्याचा आवाज आला. आम्ही दोघं अंथरुणात श्वास रोखून पडलो होतो, चोर आल्यासारखे. सकाळी बघितलं तर ताटली चाटूनपुसून साफ. देवगडकर, चिमूटभर होतं.

देवगडकर | ११ जून, सकाळी ६:१२

🙏

निवृत्तबाई | १५ जून, संध्याकाळी ७:००

आज आमच्या हातचं पहिलं सलाईन. आतापर्यंत मृणाल येऊन देऊन जायची. यांनी धरलं, मी टोचलं. सुई एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि निम्मं सलाईन माझ्या साडीवर. पंतांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की शाळेतले इन्स्पेक्टर आठवले. दुसऱ्या वेळी जमलं. ८० मिली गेलं. इन्शुलिनची सुई फारच नाजूक असते हो, मी उगाच फुशारकी मारली होती.

अश्विनी_डी | १५ जून, संध्याकाळी ७:२०

काकू, सगळ्यांचीच पहिली साडी भिजते. सुईचं तोंड वर आणि शिरवताना कातडीला समांतर. तंबूच्या दारातून आत जायचं, छपरातून नाही.

तर्कटराव | १६ जून, सकाळी ९:१०

शब्दकोड्याचं काय झालं?

निवृत्तबाई | १६ जून, सकाळी ११:४५

परवापासून हे कोडं मोबाइलवर सोडवतात. पेपर पंतांकडे असतो.

मृणाल_के | १६ जून, दुपारी १:००

पंधरा दिवस व्हायचेत अजून, पण रविवारच्या वजनाला ३.४ चे ३.५ किलो भरले. जाहिरात काढून टाकू का, काकू?

निवृत्तबाई | १६ जून, दुपारी १:०३

कालच काढायला हवी होतीस.

सदस्य_४४०२ | १७ जून, सकाळी १०:३०

कोथरूड-कर्वेनगर भागात गॅलरीला मांजरांसाठी जाळी लावून देणारं कुणी माहीत आहे का? तिसरा मजला. कबुतराची नायलॉनची नको, आमची माऊ ती कुरतडते. नवा धागा काढत नाही, इथेच विचारतो.